जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल गळतंय? एम-सील लावण्याआधी हे वाचा

पेरणी तोंडावर आलेली असते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पण ट्रॅक्टर काही चालू होत नाही. खाली बघावं तर डिझेलचा थेंबही सांडलेला नसतो. तरीही दुखणं गळतीचंच असू शकतं.

कसं, ते बघू. जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल लाईनचे तीन भाग पडतात. पहिला टाकीपासून फीड पंपापर्यंतचा. इथे पंप डिझेल ओढून घेतो. नळीला बारीक चीर असेल तर उभ्या ट्रॅक्टरला फार तर ओल दिसते, पण इंजिन चालू झालं की त्याच चिरेतून हवा आत शिरू शकते. त्यात टाकीची जाळी किंवा कॉक तुंबलेला असेल तर हमखास. यालाच गावाकडे ‘एअर धरली’ म्हणतात. दुसरा भाग फीड पंपापासून फिल्टरमार्गे मोठ्या पंपापर्यंतचा. इथे दाब कमी असतो, त्यामुळे डिझेल थेंबाथेंबाने बाहेर येतं. तिसरा भाग मोठ्या पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाईपांचा, आणि खरा धोका तिथे आहे.

जुन्या डीआय इंजिनात नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. या पाईपला चीर पडली तर डिझेलची अगदी बारीक, कधीकधी न दिसणारी धार सुटते. ती बोटाने चाचपली तर कातडी भेदून डिझेल आत जातं. वरून फक्त सुई टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आतलं मांस खराब व्हायला लागतं आणि उशीर झाला तर बोट कापायची वेळ येऊ शकते. त्यामुळे गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवायचा. आणि डिझेल टोचलंच तर हळद लावून बसू नका, त्याच दिवशी ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता गळती शोधायची कशी? बहुतेक जण इथेच घाई करतात. पूर्ण लाईन चिखल-धुळीने माखलेली असते आणि डिझेल वरून ओघळत भलतीकडेच टपकतं. म्हणून आधी सगळं धुऊन, फडक्याने कोरडं करा. मग प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सगळ्यात वरचा ओला कागद कुठला, ते बघा.

बऱ्याचदा गुन्हेगार निघतो काही रुपयांचा वॉशर. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर असतात. एकदा दबले की ते पुन्हा नीट बसत नाहीत. मग लोक बोल्ट आवळत सुटतात आणि फिल्टरच्या अॅल्युमिनियम हेडचे आटे जातात. काही रुपयांचं काम हजारात जातं ते असं. वॉशर नवेच टाका. टेफ्लॉन टेप तर अजिबात नको, तिचे तुकडे सुटून पुढे अडकतात. रबरी नळी डिझेलसाठीचीच घ्या, पाण्याची नळी फुगते. ती तारेने आवळू नका, क्लिप लावा.

लोखंडी पाईप फुटला तर त्याला डाग देऊ नका, बदला. नट सोडवताना खालचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. पाईप धरणाऱ्या क्लिपा गायब असतील तर थरथरून नवा पाईपही फुटेल.

टाकीला भोक पडलं की अंगाचा साबण चोळायचा जुगाड सगळ्यांना माहितीये. शेतातून घरी येण्यापुरता तो चालतो. पण टाकी रिकामी केली म्हणून थेट वेल्डिंगला देऊ नका. आत डिझेलची वाफ उरलेली असते आणि टाकी फुटू शकते. हे काम टाकी धुऊन, वाफ पूर्ण घालवून करणाऱ्याकडेच द्या.

जोड बसवले की एअर काढायची. गिअर न्यूट्रल, टाकीत डिझेल पुरेसं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर, शेवटी मोठा पंप, याच क्रमाने.

एक गळती मात्र बाहेर कधीच दिसत नाही. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा मोठ्या पंपाचं सील गेलं तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग खराब होतात. फीड पंप घरी बदलता येतो, पण मोठा पंप स्वतः खोलू नका. त्याचं डिझेल मोजून लावायला टेस्ट बेंच लागतो. तालुक्याला पंप-नोझलवाला असतोच. त्याच्याकडे काम झालं की ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात नेऊ नका.