अडीच गुंठे

चार पोल म्हणजे एक गुंठा. माझे सासरे, नाना, हे गणित घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. एकरात १६० पोल आणि ४० गुंठे, म्हणून वायव्य लंडनमध्ये कौन्सिलनं भाजी पिकवायला भाड्यानं दिलेला त्यांचा दहा पोलांचा अलॉटमेंटचा तुकडा बरोबर अडीच गुंठे भरे. ना वीतभर कमी, ना वीतभर जास्त. हे सांगताना त्यांच्या आवाजात जे समाधान असे, त्याचं कारण मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

वाईजवळ कृष्णाकाठी घरची जमीन होती. नानांचे वडील साताऱ्याला शाळामास्तर. जमीन कूळ कसत असे आणि घरी खंड येई. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं ती जमीन कुळाची झाली. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांची आई जेवली नाही, पण वडील ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "ज्यानं कसली त्याची. आपण कधी नांगर धरला?" नाना ही गोष्ट सांगत तेव्हा जमीन गेल्याची हळहळ त्यांच्या बोलण्यात नसे. वडिलांचा प्रश्न मात्र त्यांच्या मनात घर करून राहिला होता. पुढं १९६५ साली ते इंग्लंडला नोकरीसाठी आले, आणि चाळिशीला आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मातीत हात घातला तो या अडीच गुंठ्यांत. वाईहून आणलेलं खुरपं अजून आमच्याकडे आहे.

१९९२ च्या जुलैत कौन्सिलचं पत्र आलं. पाहणीत प्लॉट तणानं भरलेला आढळला, चार आठवड्यांत साफ न केल्यास करार संपवण्यात येईल. मी लग्न होऊन आले त्याला चार वर्षं झाली होती. पत्र मीच वाचून दाखवलं आणि नाना चष्मा काढून बसून राहिले. प्लॉटवर मेथी होती, लाल माठ होता, बटाटे होते, आणि एका अंगाला गुडघाभर उंचीचा, पानांवर पांढरी पूड असलेला चाकवत.

इंग्रज माळी त्याला 'फॅट हेन' म्हणतात आणि दिसेल तिथं उपटतात. नानांनी वाचनालयातून वनस्पतींचं पुस्तक आणलं. चेनोपोडियम आल्बम. आपण ताकात, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून शिजवतो ती हीच भाजी. हे झाड इथल्या मातीत आपसूक उगवतं हे माझ्या सासूबाईंना, माईंना, पहिल्या वर्षी कळलं, तेव्हा त्या रडल्या होत्या. इतक्या लांब कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं, असं त्या म्हणत.

नानांना नियमच खोटा ठरवायचा असता तर गोष्ट सोपी होती. पण जमीन कसली पाहिजे, हे त्यांना मनापासून मान्य होतं. त्यांचं भांडण एवढंच, की मी कसतोय. त्यांनी कायदे मिळवून वाचले. ज्यांना हवी त्यांना अशी जमीन पुरवण्याचं कर्तव्य १९०८ च्या कायद्यानं कौन्सिलांवर टाकलं. कराराच्या अटी मोडल्या तर महिन्याच्या नोटिशीवर ती परत घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आणि १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंट गार्डनची व्याख्या आहे: ४० पोलांपेक्षा मोठी नसलेली, भाडेकरूनं स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी मुख्यतः भाजी किंवा फळं पिकवलेली जमीन. नानांनी 'कुटुंबाच्या खाण्यासाठी' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "अगं, कोणतं कुटुंब ते कुठं लिहिलंय यात?" ते मला म्हणाले.

शेजारच्या प्लॉटवर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहिमेच्या दिवसांत हाईड पार्कमध्ये वाफे पडले, टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाजी लागली, देशभर मिळून चौदा लाखांच्या आसपास प्लॉट झाले. हे सगळं त्यांनी शेडच्या पायरीवर बसून आम्हाला ऐकवलं. त्या दिवसांत त्यांच्या आईनं फॅट हेन उकडून वाढलेलं त्यांना आठवत होतं. पण मला जास्त भिडली ती त्यांच्या आजीची गोष्ट. तिचे वडील शेतमजूर. गावाची सामाईक कुरणं कायदे करून कुंपणात गेली, गाय बांधायला जागा उरली नाही. १८३० साली मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. त्यानंतर जमीनदारांनी आणि चर्चच्या पाद्र्यांनी मजुरांना चिमूटभर तुकडे द्यायला सुरुवात केली, आणि तुकड्याबरोबर नियमही आले. रविवारी काम करायचं नाही, चर्चला यायचं, गुन्ह्यात सापडलात तर तुकडा गेला. आजी सांगायची, की वाफ्यात तण दिसलं की रविवारी चर्चमध्ये लोक तिच्या वडिलांकडे बघत.

मला वाटतं, कौन्सिलच्या पत्रातला तो सूर तिथूनच येतो. आता चर्चची अट राहिली नाही, पण तणावरून माणसाची पारख करायची सवय राहिली. नाहीतर वर्षातून दोनदा रस्त्यावरून चालत जाऊन, दुरून पाहून, कोण कष्टाळू आणि कोण आळशी हे ठरवायचं धाडस कुणाला होईल?

पाहणी करणारे गृहस्थ पुन्हा आले. नानांनी पुस्तक दाखवलं, कायद्याचं कलम दाखवलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तिला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चाकवताचं एक रोप हजारांनी बी टाकतं, आणि ते बी शेजाऱ्यांच्या वाफ्यांत जातं. तक्रार मुळात तिथून आली होती. नाना लगेच म्हणाले, "हे बरोबर आहे." फुलोरा येण्याआधी सगळा चाकवत खुडायचा, असं ठरलं. जाता जाता ते गृहस्थ म्हणाले, की ओळीत पेरलात तर बरं होईल.

पुढच्या वसंतात नानांनी दोरी ताणून तीन ओळी आखल्या, चाकवत पेरला आणि टोकाला नावाची पाटी रोवली. पुन्हा पत्र आलं नाही. तेच झाड, तीच माती. ओळ धरली आणि ते पीक झालं.

१९५० च्या कायद्यानं सर्वसाधारण नोटिशीची मुदत बारा महिन्यांची केली, आणि तीही ऐन हंगामात संपता कामा नये, ६ एप्रिलपर्यंत किंवा २९ सप्टेंबरपासून पुढंच संपली पाहिजे, अशी अट आहेच. हे मी २०११ साली घोकलं होतं. नानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, ते इस्पितळात होते, आणि दारात पुन्हा तेच चार आठवड्यांचं पत्र पडलं. अटी मोडल्याच्या नोटिशीला ही मुदत लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी रात्ररात्र ती कलमं वाचत होते. मला त्या पत्राचा फार राग आला. आजही येतो. तेहतीस वर्षं ज्यानं जमीन कसली, तो एक उन्हाळा का आला नाही, हे विचारायला एक फोन पुरला असता.

मी आणि माझा नवरा शनिवार-रविवार खणत राहिलो. हरणखुरीची मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी खोलवर गेलेली. तोडावीत तर प्रत्येक तुकड्यातून नवा वेल. तिसऱ्या आठवड्यात नाना काठी टेकत प्लॉटवर आले. बाकावर बसून त्यांनी सगळं पाहिलं आणि मला फाटकावर लावलेल्या सूचनेकडे बोट करून विचारलं, "यादीत किती माणसं आहेत गं?" प्लॉटसाठी कितीतरी वर्षं थांबलेली माणसं होती. "मग अर्धा देऊन टाक," ते म्हणाले. मी काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. वाईच्या ओसरीची गोष्ट तोपर्यंत मी अनेकदा ऐकली होती.

कौन्सिलनं मधोमध खुंट्या ठोकून दोरी ताणली. आम्हाला सव्वा गुंठा राहिला. उरलेला एका तरुण बाईला मिळाला. ती लहान मुलीला ढकलगाडीत घेऊन येई. पुढच्या मे महिन्यात ती गुडघ्यांवर बसून वाफा साफ करत होती आणि उपटलेली हिरवी रोपं मागं फेकत होती. नाना दोरीपाशी गेले, वाकता येत नव्हतं म्हणून काठीनंच त्या ढिगाकडे दाखवलं, आणि हे टाकू नकोस, असं तिला सांगितलं. तिनं न विचारता टोपलीभर चाकवत दोरीवरून त्यांच्या हातात दिला. माईंनी त्या संध्याकाळी तो निवडला तेव्हा मुळांना अजून माती होती.