दोन नंबरांचे एक घर



अमळनेरचा आमचा वाडा विकला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना कळलेच असेल. विकताना जुने कागद काढावे लागले. त्यांतून घराचा आणि थोडाफार गावाचा जो इतिहास हाती लागला, तो लिहून ठेवते आहे. चाळीस वर्षे मी त्या घरात स्वयंपाक केला, पापड लाटले, पर्युषणात पाहुणे सांभाळले. पण त्याची खरी हकिगत मला वकिलांच्या टेबलावर कळली.

घेणाऱ्याच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारले, "वहिनी, प्रॉपर्टी कार्ड दोन का आहेत?" आम्ही म्हणालो, घर तर एकच आहे. त्यांनी नकाशा पुढे सरकवला. सिटी सर्व्हेचे नंबर खरोखर दोन होते. आमची मोठी बैठक, जिथे पूर्वी पेढी होती, ती एका नंबरात आणि देवघर, माजघर, स्वयंपाकघर दुसऱ्या नंबरात. मधल्या भिंतीची रेघ नकाशावर अजून तशीच होती. घरात मात्र तिथे भिंत नव्हती, दोन सागवानी खांब होते.

आता थोडे गावाबद्दल. अमळनेर हे बोरी नदीकाठचे जुने गाव, संत सखाराम महाराजांचे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शाळेत आपण हे एका ओळीत शिकलो. पण मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आलेले आपले पूर्वज इथे टिकले, त्यामागे हा कापूस मोठे कारण आहे. शेतकऱ्याला पेरणीला पैसे द्यायचे, कापूस आला की वळते करून घ्यायचे. पुढे सुरत-भुसावळ रेल्वे आली आणि गठाण थेट मुंबई-सुरतेकडे जाऊ लागली. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात श्रीमंत प्रतापशेठजींनी प्रताप मिल उभी केली. त्यांनी नुसती गिरणी काढली नाही. 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केले, 1945 मध्ये कॉलेज निघाले ते त्यांच्याच नावाचे. साने गुरुजी 1924 ते 1930 इथल्या शाळेत शिक्षक होते. एवढ्याशा गावात हे सगळे गिरणीच्या भोंग्याच्या जोडीने वाढले. सासूबाई सांगत, भोंगा झाला की चूल पेटवायची, घड्याळ बघायची गरजच नव्हती.

गिरणीगावात घराचे दोन प्रकार असतात. एक पेढीवाल्याचा वाडा आणि दुसरी कामगाराची खोली. खोली नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. गिरणी बंद पडली तेव्हा पगार थांबला एवढेच दुःख नव्हते, डोक्यावरच्या पत्र्याचीही काळजी होती. आमच्याकडे धुणे धुवायला येणाऱ्या मावशींचे यजमान गिरणीत होते. "तीस वर्षे घरात राहिले, पण उतारा नाही," असे त्या म्हणायच्या. तेव्हा मला वाटे, आपले बरे आहे, आपला वाडा आहे, आपला उतारा आहे. "आपला" म्हणजे नक्की कोणाचा, हे मी बी.कॉम. असूनही कधी बघितले नव्हते.

मोडीतला एक कागद निघाला. तो वाचायला जाणकार गृहस्थ शोधावे लागले. कागद पहिल्या महायुद्धानंतरचा, आणि ते होते मुदत खरेदीखत. तरुण मुलींना हा शब्द माहीत नसेल. घर विकल्यासारखे लिहून द्यायचे, पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर घर परत. नाही केले तर घर गेले. नाव खरेदीचे, काम गहाणाचे. चतुःसीमा लिहिलेली होती: पूर्वेस गल्ली, पश्चिमेस घेणाराचे राहते घर. घेणारा म्हणजे आमचे आजेसासरे. देणारा एक साळी, हातमागावर लुगडी विणणारा. रक्कम साडेतीनशे रुपये, मुदत पाच वर्षे, आणि घरासोबत "मागाची जागा" असा उल्लेख.

ते गृहस्थ वाचत होते आणि मी मनातल्या मनात जमाखर्च मांडत होते. साळी सूत कुठून आणत असेल? गिरणीचेच सूत, पेढीवरून उधार. लुगडे विणून पुन्हा पेढीवरच घालायचे. सुताचा भाव पेढीचा, लुगड्याचा भावही पेढीचा. युद्धाच्या काळात सूत भयंकर महाग झाले होते. शेजारी गिरणीचे स्वस्त कापड आले होते ते वेगळेच. आजेसासऱ्यांनी काही फसवले असे मी म्हणणार नाही. कागद कायदेशीर आहे, साक्षी आहेत. पण खात्याची ती बाजू कधी जमेत जाणारच नव्हती, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळेल. मुदत संपली, घर आले, भिंत पाडली आणि पेढी मोठी झाली.

इथे मला सासूबाईंची आठवण झाली. माझे लग्न झाल्यावर दोनेक वर्षांनी गावात महासतीजींचा चातुर्मास होता. सासूबाईंनी बारा व्रते घेतली, वहीत लिहून. पाचव्या व्रतात, परिग्रह परिमाणात, क्षेत्र-वास्तूपुढे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले: "राहते घर एक." आपण सगळ्या प्रतिक्रमणात त्या व्रताचे अतिचार म्हणतो, पण अर्थ किती जणी वाचतो? जुन्या ग्रंथांत स्पष्ट सांगितले आहे की एका घराची मर्यादा घेतल्यावर दुसरे घर घेऊन मधली भिंत पाडायची आणि एकच घर म्हणायचे, हा अतिचार आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हेमचंद्राचार्यांना माणसाच्या या युक्त्या माहीत होत्या! सासूबाईंनी युक्ती केली नव्हती. भिंत त्या घरात येण्याआधीच पडली होती, त्यांना बिचाऱ्यांना कळायचा मार्गच नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. त्या दोन्ही कार्डांवर सासूबाईंचे नाव नव्हतेच. सासरे गेल्यावर वारस म्हणून विधवेचा हक्क 1956 च्या कायद्याने होता, तो आपल्या जैनांनाही लागू आहे. पण आठ दिवसांत हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेतली गेली होती. "मुलांच्याच नावावर राहू दे, मला काय करायचे," असे त्या म्हणाल्या असतील. ज्या घराची मर्यादा त्यांनी आयुष्यभर पाळली, त्या घराचा एक खणही त्यांचा नव्हता.

नणंदांचे नाव तर नव्हतेच. वकिलांनी सांगितले, दोघींच्या सह्या लागतील. थोरल्या सही द्यायला तयार होत्या, पण फुकट हक्क सोडायला नाहीत. घरात महिनाभर अबोला होता. दीर म्हणाले, लग्नात दिले की. मी पहिल्यांदाच पुरुषांच्या बोलण्यात तोंड घातले. 2005 ची दुरुस्ती, 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळे वाचून ठेवले होते. पण सांगितले एवढेच, "बाईंची सही तुम्ही आठ दिवसांत घेतलीत, ताईंची तशी घेऊ देणार नाही." हे माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी पाच समान हिस्से झाले. दिवाळीला थोरल्या आल्या, धाकट्या दिरांनी मात्र अजून फोन केलेला नाही.

एक विषयांतर. अमळनेर म्हटले की लोक हटकून विप्रोच्या शेअरचे विचारतात. कंपनी 1945 च्या डिसेंबरात इथेच स्थापन झाली, वनस्पती तुपासाठी. गावात कोणी शेअर ठेवले आणि कोणी विकले, यावर आजही चहा गार होतो. 2017 च्या बोनसआधी ज्यांच्याकडे 3 शेअर होते, त्यांचे 2017, 2019 आणि 2024 च्या बोनसने 16 झाले. हिशेब करून बघा. आमच्याकडे एकही नव्हता. आमच्या माणसांचा विश्वास विटांवर. पण गिरणी गेलेल्या गावात विटांना बोनस मिळत नाही. वाड्याला जी किंमत आली ती जागेची आणि सागाच्या लाकडाची; माळवद, कडीपाट, देवळ्या यांची शून्य.

माझ्या हिश्श्यातून नव्हे, यांच्या हिश्श्यातून आम्ही स्थानकापासून पाच मिनिटांवर छोटे घर घेतले. तीन खोल्या, पुढे ओटा. दार रस्त्याला उघडते, त्यामुळे गोचरीला येणाऱ्या महासतीजींना जिने चढावे लागत नाहीत. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर आहे. राहते घर बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. यांना पटवायला ती सूट फार उपयोगी पडली, खरे कारण मी नंतर सांगितले. घेण्याआधी तीस वर्षांचा शोध अहवाल काढला, बिनशेतीचा आदेश पाहिला, सिटी सर्व्हेचा नंबर एकच आहे ना हे दोनदा तपासले. नगरपालिकेची घरपट्टी नावावर असली म्हणजे मालकी झाली, असे समजू नका ग. ती फक्त कर भरल्याची पावती आहे.

मागच्या आठवड्यात वाडा पाडायला सुरुवात झाली. मी जाणार नव्हते, पण गेले. बैठकीतली फरशी खिडकीजवळ कायम खचायची, दर दोन वर्षांनी गवंडी बोलवावा लागे. कारण कोणाला कळत नसे. ती फरशी उचलली तेव्हा खाली चौकोनी खड्डा निघाला, कडा चुन्याने लिंपलेल्या, आत भरावाची वेगळीच काळी माती. काम करणारा मुलगा म्हणाला, "काकू, पेव दिसतंय धान्याचं." मी म्हटले, पेव नाही बाळा, मागाचा खड्डा आहे, विणणारा यात पाय सोडून बसायचा. तो त्यात उतरून काठावर बसून बघू लागला. उजेड बरोबर खिडकीतून त्याच्या हातांवर येत होता.