शोध पोराचा, मालकी कुणाची?

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीची फेरीबोट येईपर्यंत कॉलेजची पोरं आपापल्या प्रोजेक्टबद्दल बोलत असतात. ते ऐकलं की एक प्रश्न पडतो. उद्या या प्रोजेक्टमधून कंपनी उभी राहिली, तर मालक कोण? पोरगा की कॉलेज?

प्रश्न जुना आहे. आपल्याकडे शोधावर हक्क देणारा पहिला कायदा १८५६ सालचा. त्याखाली पहिला हक्क मिळाला कलकत्त्याच्या जॉर्ज डी पेनिंग यांना, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. आणि तो पंखा रात्रभर ओढून हात भरून यायचे ते आपल्याच माणसांचे!

मग आले शंकर आबाजी भिसे. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस लंडनला पोचला आणि तिथे त्याने छपाईचे खिळे ओतायचं यंत्र घडवलं. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला. आजच्या भाषेत स्टार्टअपच की! पण ती भागीदारी टिकली नाही. भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. डोकं होतं, पेटंटं होती. पण पैसा आणि बाजार कायम दुसऱ्याच्या हातात.

अमेरिकेने १९८० साली कायदा करून सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. आपल्याकडे तसंच विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं, पण २०१४ साली मागे घेतलं गेलं. मग २०१९ साली केंद्राने विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं. त्यात म्हटलंय: संस्थेचा पैसा किंवा साधनं बऱ्यापैकी वापरली असतील तर हक्क सामाईक. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेचं काही न वापरता केलं असेल तर हक्क पूर्ण तुमचा. आणि संस्थेने स्टार्टअपला मदत केली तर कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो.

पण हे मार्गदर्शक धोरण आहे. प्रत्येक संस्था आपले नियम करते. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. १९७० च्या पेटंट कायद्यात अर्ज करायचा पहिला मान खऱ्या शोधकर्त्याचा आहे. पण तुम्हीच सही करून हक्क लिहून दिलात, तर मग बोलायला जागा उरत नाही.

समजा, आपल्या कोळीवाड्यातल्या पोराने होडीतल्या बर्फपेटीचं तापमान मोबाइलवर दाखवणारं यंत्र केलं. हौसेने आधी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरवला तर? मोजके अपवाद सोडले तर जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही. म्हणून आधी तात्पुरता अर्ज भरा. व्यक्तीला ऑनलाइन फी १६०० रुपये. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, १९८९ पासून. तिथे किंवा आणखी कुठे शिकणारी पोरं घरात असतील, तर एवढंच सांगा: संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या, गाइड आणि मित्रांमधली वाटणी सुरुवातीलाच लिहून ठेवा. भिशांना विचारायला जवळ कुणी नव्हतं. आपल्या पोरांना निदान आपण तरी सांगूया.