भगताचा मंत्र आणि माशीचं पंचांग

१ ऑक्टोबर १८५५ला आगगाडी कल्याणहून वाशिंदला आली आणि इथेच थांबली. आसनगावला रूळ पोचायला १८६० उजाडलं, कसाऱ्याला १८६१, आणि घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५. मधल्या त्या वर्षांत घाटावरचा माल बैलांच्या जिवावर थळघाट उतरायचा. शहापूर-मुरबाडात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला त्या इतिहासात इंजिन कमी आणि जुवाखाली सोललेले खांदे जास्त दिसतात. जिथे खांदे येतात, तिथे किडे पडतात.

हे काम मुख्यतः एका निळसर-हिरव्या माशीचं. शास्त्रीय नाव क्रायसोमिया बेझियाना. बाकीच्या माश्यांना सडकं चालतं, हिला जिवंत जनावराची ओली जखम लागते. जखमेच्या कडेला दीडशे-दोनशे अंडी घालून ती उडून जाते. दिवसभरात अळ्या निघतात आणि डोकं मांसात खुपसून, शेपूट वर ठेवून खात बसतात. त्यांची श्वासाची भोकं मागच्या टोकाला असतात, म्हणून टर्पेन्टाईन सोडलं की गुदमरून वर येतात. पाच ते सात दिवसांत पोट भरलं की आपणहून खाली पडून मातीत कोष करतात.

आमच्याकडच्या भगतांचा नावलौकिक या शेवटच्या गोष्टीवर उभा होता. भात लावणीच्या धामधुमीत बैलाच्या खांद्याकडे कोण बघतो? वास सुटल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मालक भगताकडे पळायचा. भगत मंत्र टाकायचा, नारळ घ्यायचा आणि सांगायचा, ‘‘तीन रोजांत झडतील.’’ झडायचेच! न झडून सांगतात कुणाला? पण त्या वासावर तोवर दुसऱ्या माश्या अंडी घालून गेलेल्या असायच्या. मग आठवड्याने पुन्हा नारळ.

तरी मी भगतांना सरसकट लबाड म्हणणार नाही. त्यांच्यातले जाणते करंजेल सोडायला आणि सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरायला सांगायचे. सुश्रुतसंहितेतही माश्या व्रणावर बसून कृमी टाकतात असं स्वच्छ लिहिलं आहे, आणि उपाय म्हणून करंज, कडुनिंब, रुई, सातवीण यांच्या साली गोमूत्रात वाटून लावायला सांगितल्या आहेत. जखमेवर मांसाचा तुकडा झाकून कृमी बाहेर ओढून घ्यायची युक्तीही तिथे आहे. युरोपात फ्रान्चेस्को रेदीने मांसातल्या अळ्या माशीच्या अंड्यांतून येतात हे बरण्या झाकून दाखवलं ते १६६८ साली. भगतांचा तंबाखू-चुन्याचा लगदा मात्र मला कधी पटला नाही. त्याने किड्यांबरोबर चांगलं मांसही जळतं.

दवाखान्यात आमची हत्यारं साधी होती: चिमटा, टर्पेन्टाईन, लोरेक्झेनचं मलम. सगळ्यात वाईट दिवस लाळ्या-खुरकुताच्या साथीचे. पावसाळ्यात खुरांच्या बेचक्यात जखमा आणि चहूकडे चिखल. त्याखालोखाल नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ. तिथे वेळेवर आयोडीन लावलं तर पुढचं सगळं टळतं. आता आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आहे, लाळ्या-खुरकुताचं लसीकरण आहे, आणि खाचरात पॉवर टिलर आल्याने खांदेच उरले नाहीत. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतल्या बैलबाजारात मात्र जुना गिऱ्हाईक अजूनही बैलाचे दात बघून झाल्यावर खांद्यावर हात फिरवतोच.

माणसाला किडे पडले की त्याचं पाप काढलं जायचं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅटन या डॉक्टर-संशोधकाने देशभरातून आलेल्या अळ्या तपासल्या, तेव्हा माणसांच्या जखमांतही बहुतेक ठिकाणी हीच माशी निघाली. बैलाच्या खांद्यावर बसणारी आणि म्हाताऱ्याच्या नाकात शिरणारी एकच. तिला पाप-पुण्य कळत नाही, उघडी जखम कळते. महारोगाने बधिर झालेले पाय, मधुमेहाची चिघळलेली बोटं, नाक आतून सुकून खपल्या धरलेली म्हातारी माणसं, ही तिची गिऱ्हाइकं. अशा नाकाला दुर्गंधी येते, पण ज्याचं नाक त्याला ती येत नाही. घरातली तरणी माणसं पहाटेच्या लोकलने कामाला गेलेली, म्हातारं ओटीवर एकटं. नाकातून रक्त आलं की उन्हाळा लागला म्हणतात. अशा वेळी मी घरच्यांना एवढंच सांगतो: बॅटरी घेऊन नाकात बघा, आणि आत काही वळवळताना दिसलं तर घरी काड्या घालत बसू नका, त्याच दिवशी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.