एमएसची औषधे आणि त्वचेचे त्रास: काय करावे?

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएसची औषधे अनेक वर्षे घ्यावी लागतात. त्यांपैकी काहींमुळे त्वचेला त्रास होतो. बहुतेक त्रास सौम्य असतात, त्यामुळे घाबरून औषध परस्पर बंद करू नका. आजार पुन्हा उसळू शकतो.

इंटरफेरॉन बीटा, ग्लॅटिरामर: टोचलेल्या जागी लाली, खाज, गाठ येते. दर वेळी जागा बदला. इंजेक्शन फ्रिजमधून काढून साधारण अर्ध्या तासाने टोचा. ग्लॅटिरामरमुळे पडलेला खळगा कायम राहू शकतो. जागा काळी पडली किंवा जखम झाली तर डॉक्टरांना दाखवा.

डायमिथाइल फ्युमरेट: चेहरा, मान लाल होऊन गरम वाटते. कॅप्सूल जेवणासोबत घ्या. पहिल्या महिन्यानंतर हा त्रास सहसा कमी होतो.

फिंगोलिमॉड: नागीण होण्याची शक्यता वाढते. अंगाच्या एकाच बाजूला दुखरे, पाणीदार फोड आले, तर गेरूच्या लेपात किंवा मंत्र घालण्यात वेळ दवडू नका. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. आंब्याच्या बागेत किंवा होडीवर काम करताना टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. न भरणारी जखम किंवा बदलणारा तीळ तपासून घ्या.

तातडीची लक्षणे: ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप लागणे, तापासोबत तोंडात फोड, कातडी सुटणे. अशा वेळी पुढचा डोस घेऊ नका. १०८ वर फोन करा आणि औषधाचे खोके सोबत न्या.