वजनाच्या ऑपरेशननंतर काटा कुठे थांबतो? आधी हिशेब समजून घ्या

कोलाड : वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ‘ऑपरेशन केलं आणि एकदम बारीक झाला.’ दुसरी, ‘एवढे पैसे घातले आणि परत पहिल्यासारखा झाला.’ या दोन वाक्यांच्या मधली जी वर्षं असतात, त्यात माणसाने काय खायचं, किती वजन उतरेल असं धरायचं, कुठे थांबेल, थोडं परत आलं तर काय करायचं, हे फारसं कोणी बोलत नाही. रोहा-कोलाड भागातून असं ऑपरेशन करायला माणूस नवी मुंबई किंवा मुंबईला जातो, चार दिवसांनी घरी येतो, आणि खरं काम तिथून पुढे गावात सुरू होतं. त्यासाठी ही माहिती.

या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘बेरिॲट्रिक सर्जरी’ म्हणतात. तिचे दोन प्रकार जास्त होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे खाणं कमी जातं आणि काही अन्न अंगी कमी लागतं. (हृदयाचा बायपास वेगळा. गावात ‘बायपास झाली’ म्हटलं की लोक नारळपाणी घेऊन भेटायला येतात, म्हणून सांगितलं.) चरबी ओढून काढायचं लायपोसक्शन हा आणखी वेगळा प्रकार आहे, त्याचा इथे संबंध नाही.

110 किलोची व्यक्ती किती होते?

समजा, एका बाईंची उंची 5 फूट 3 इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर, आणि वजन 110 किलो. त्यांचा बीएमआय, म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, साधारण 43 येतो. तक्त्याप्रमाणे त्यांचं वजन 60 च्या आसपास हवं. त्यांच्या मनातला आकडाही तोच असतो. घरच्यांच्या मनातला तर लग्नातल्या फोटोतला असतो.

ऑपरेशननंतर साधारणपणे एकूण वजनाच्या 25 ते 30 टक्के वजन उतरतं. 110 चे 25 टक्के म्हणजे साडेसत्तावीस, 30 टक्के म्हणजे 33. बाई 77 ते 82 किलोच्या मधे कुठेतरी येतील. काहींचं यापेक्षा जास्त उतरतं, काहींचं कमी. पण 80 किलोवर त्यांचा बीएमआय 31 असतो, म्हणजे तक्त्यात त्या अजून ‘लठ्ठ’च. शेजारीण विचारणार, ‘अगं, ऑपरेशन करून पण एवढीच?’

तरीही 80 किलोवर बऱ्याच जणांची साखर आटोक्यात आलेली असते, बीपीची गोळी कमी झालेली असते, रात्रीचं घोरणं आणि श्वास अडकणं कमी झालेलं असतं, गुडघ्यावरचा भार 30 किलोने उतरलेला असतो. डॉक्टरांच्या दृष्टीने हे ऑपरेशन चांगलं यशस्वी. घरच्यांच्या दृष्टीने अर्धवट. हा फरक ऑपरेशनच्या आधी घरात बसून बोलला गेला नाही, तर पुढची दोन वर्षं त्या बाईला ऐकून घ्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांना आधीच थेट विचारा: ‘माझं वजन कुठे थांबेल?’ आणि ते उत्तर ऐकायला घरचं माणूस बरोबर न्या.

एक ओळखीचं उदाहरण

नितीन गडकरींचं नाव मुंबई-गोवा महामार्गामुळे कोलाड नाक्यावर रोज निघतं, कोणत्या सुरात ते सांगायला नको. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना 2011 मध्ये त्यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांना मधुमेहही होता. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. 2022 मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात तिथल्या खासदारांना ‘वजन कमी करा, किलोमागे हजार कोटी देतो’ असं आव्हान देताना त्यांनी स्वतःचा आकडाही सांगितला: आधी 135 किलो, आता 93.

म्हणजे 42 किलो, मूळ वजनाच्या 31 टक्के. वरच्या हिशेबाच्या जवळपासच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की हा आकडा त्यांनी ऑपरेशननंतर 11 वर्षांनी सांगितला. एवढी वर्षं वजन टिकवायला चालणं, प्राणायाम, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. नुसत्या ऑपरेशनने ते होत नाही.

दुसरं उदाहरण दुःखाचं. इजिप्तच्या इमान अहमद हिला फेब्रुवारी 2017 मध्ये मालवाहू विमानाने मुंबईला आणलं होतं, वजन 500 किलोच्या आसपास सांगितलं जात होतं. मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पुढे वजन नेमकं किती उतरलं आणि ती चालेल की नाही, यावरून तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचं निधन झालं. तिला आधी पक्षाघात होऊन गेला होता. जठर लहान केल्याने वजन उतरतं, पण जुन्या आजारांनी केलेलं नुकसान सगळंच भरून येत नाही. नातेवाइकांनी आशा ठेवताना ही बाजूही डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

आपल्या ताटात काय बदलतं

पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, पण लहान वाटीत. नेमके दिवस तुमचे सर्जन सांगतील तेच धरा. या काळात कोकणातलं घरचं अन्न चांगलं चालतं. कुळथाची पिठी, मुगाचं पातळ वरण, ताक, नाचणीची पातळ आंबील, पुढे घोटलेलं वालाचं बिरडं. तिखट मात्र आवरा.

नंतर मुख्य लक्ष प्रथिनांवर. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर वरणात तेवढंच, 100 ग्रॅम माशात 18 च्या आसपास, पेलाभर दुधात 6-7. म्हणजे दोन अंडी, वरण, दूध आणि मासे मिळून चाळिशी पार होते. उरलेलं पनीर, सोयाबीन, चिकन किंवा डॉक्टरांनी दिलेल्या प्रोटीन पावडरीतून. ओले बोंबील मऊ असतात, सहज जातात. सुकट, सुके बोंबील खारट असतात, बीपीवाल्यांनी जपून. हिवाळ्यातली पोपटी तर या लोकांसाठी बरीच सोयीची आहे: अंडं, वालाच्या शेंगा, चिकनचे दोन मऊ तुकडे. बटाटा दुसऱ्याला द्या.

आपल्याकडे अडचण येते ती श्रावणात. महिनाभर मासे-अंडी बंद, त्यात सोमवार-शनिवारचे उपवास, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. श्रावण पाळायचा असेल तर दूध, दही, पनीर, कडधान्यं वाढवा, आणि पहिल्या वर्षी कडक उपवास करू नका. गणपतीत मोदकाचंही तसंच. बायपास झालेल्यांनी गोड पटकन खाल्लं, तर थोड्या वेळात घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. प्रसाद म्हणून अर्धा मोदक सावकाश खाल्लात, तर देव रागावणार नाही.

भाकरी हा वेगळा विषय आहे. तांदळाची भाकरी नीट चावली नाही तर घास अडकतो, छातीत दुखतं, उलटी होते. सुरुवातीला बरेच जण म्हणून भाकरी सोडतात आणि जे सहज घशाखाली जातं तिकडे वळतात: चहा-बिस्कीट, खारी, शेव, आईस्क्रीम, थंड पेयं. वजन परत येण्याची वाट इथून सुरू होते. लहान झालेलं जठर भाकरी-मटणाला अडवतं, पण दिवसभर थोडं थोडं चरणाऱ्याला अडवत नाही.

पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, पण घोट घोट. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. मे महिन्यात ऑपरेशन झालं आणि आवणाला शेतात उतरायचं असेल, तर बाटली बांधावर ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोपांचे भारे, पोती उचलू नका. पहिल्या दीड महिन्यात जड उचलणं साधारण वर्ज्यच असतं.

हळदीच्या कार्यक्रमाबद्दलही सांगायला हवं. ऑपरेशननंतर दारू रक्तात लवकर चढते, जास्त चढते, आणि काहींना पुढे तिची सवय लागते. आधी जेवढी पचत होती तो हिशेब आता धरू नका. मोटारसायकल तर हातातच घेऊ नका.

केस, कातडी, गोळ्या

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, प्रथिनं आणि लोह-जस्त नीट मिळालं तर बहुतेकांचे परत येतात. दंड, पोट, मांड्यांची कातडी लोंबते, ती व्यायामाने पूर्ण जात नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात: बी12, लोह, कॅल्शियम, डी. पहिल्या वर्षानंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या बंद होतात. कमतरता मात्र हळूहळू, कधी कधी दोन-चार वर्षांनी दिसते: हातापायाला मुंग्या, थकवा, रक्त कमी, हाडं ठिसूळ. पाळी सुरू असलेल्या बायकांना लोहाची गरज जास्त. रक्त तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. अंगदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन-डायक्लोसारखी गोळी परस्पर आणून खाऊ नका, विशेषतः बायपास झालेल्यांनी. जोडाजवळ व्रण होतो. तंबाखू आणि विडीनेही तेच.

मधुमेह-बीपीच्या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर लगेच बदलावा लागतो. जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि तरुण बायकांसाठी महत्त्वाचं: वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायचं असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा लागू होतीलच असं नाही, तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

थोडं वजन परत येणारच

वजन सगळ्यात वेगाने पहिल्या सहा महिन्यांत उतरतं. वर्ष ते दीड वर्षात काटा सगळ्यात खाली येतो आणि तिथे थांबतो. त्यानंतर काही किलो परत येतात, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. तिथेही हेच दिसलं: एक-दोन वर्षांत सर्वात कमी, मग थोडं वर, आणि 20 वर्षांनीही सरासरी 18 टक्के वजन मूळ वजनापेक्षा कमी. त्या काळी तिथली बरीच ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, हेही ध्यानात घ्या.

हे का होतं? शरीर उपाशी पडल्यासारखं वागतं. वजन कमी झाल्यावर त्याला ऊर्जा कमी लागते, आणि भूक हळूहळू परत येते. त्यात माणसाच्या इच्छाशक्तीचा दोष थोडा, शरीराच्या रचनेचा जास्त.

पण आपल्याकडे दोन-चार किलो वाढले की माणूस लाजतो. ‘डॉक्टर ओरडतील’ म्हणून तपासणीला जात नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, एक दिवसाची रोजी बुडणार, हे कारण सांगायला सोपं पडतं. मग दोन किलोचे बारा होतात. खरं तर डॉक्टरांची गरज तेव्हाच असते. तपासून बघता येतं की नळी सैल झाली का, थायरॉइड बिघडलं का, कुठल्या औषधाने वजन वाढतंय का, की चहा-बिस्किटांचा हिशेब चुकलाय. 2025 पासून मौंजारो, वेगोव्हीसारखी इंजेक्शनं भारतात मिळतात, ती ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनासाठीही डॉक्टर देतात. महाग आहेत आणि स्वतःहून घ्यायची नाहीत. उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा परत आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. दर वेळी मुंबईला जायला नको. रक्त रोह्याला तपासा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा, फोनवर वेळ घ्या. ही सोय मिळेल का, ते ऑपरेशनचे पैसे भरण्याआधी विचारा.

विम्याचंही आधीच बघा. ठरलेल्या नियमांनुसार आरोग्य विमा हे ऑपरेशन तेव्हाच मान्य करतो, जेव्हा बीएमआय 40 किंवा जास्त असतो, किंवा 35 वा त्याहून जास्त असून सोबत हृदयरोग, आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असा आजार असतो.

याला थांबू नका

पहिल्या महिन्यात नाडी 120 च्या वर, ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, धाप, एका पोटरीला सूज, किंवा पाणीही न टिकणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला फोन आणि दवाखाना. उलट्या काही दिवस चालूच राहिल्या तर बी1 कमी होऊन मेंदूवर परिणाम होतो, तेव्हा ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी बसू नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री इथल्या डॉक्टरांना कोणतं ऑपरेशन झालंय आणि कधी, हे त्यावरून कळतं.