रेग्युलर एक्स्प्रेशन: चेतापेशींच्या गणितापासून वेब फॉर्मच्या पडताळणीपर्यंत

वेब फॉर्ममध्ये पिनकोडचा एक अंक कमी पडला, तर ‘सबमिट’ दाबताच चुकीचा संदेश येतो. या संदेशामागे बहुतेक वेळा एक रेग्युलर एक्स्प्रेशन असते, म्हणजे मजकूर कोणत्या नमुन्यात बसला पाहिजे हे सांगणारी एक छोटी ओळ. ती लिहायची कशी हे प्रयोगशाळेत शिकवले जाते. या टिपणात ती आली कुठून हे पाहू. आजच्या फॉर्ममधील दोन दोषांची, म्हणजे सर्व्हर अडकणे आणि भारतीय भाषांतील नावे नाकारली जाणे यांची मुळे या इतिहासात सापडतात.

१. उगम: गणित

१९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप मांडले. अशी जाळी कोणते घटनाक्रम ओळखू शकतात, हा प्रश्न गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ च्या उन्हाळ्यात रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करताना हाती घेतला. त्यांच्या उत्तरात तीनच क्रिया होत्या: एकापुढे एक ठेवणे, पर्यायांतून निवडणे आणि शून्य किंवा अधिक वेळा पुन्हा घेणे. अशा क्रमांना त्यांनी ‘रेग्युलर’ म्हटले आणि याहून चांगले नाव सुचल्यास कळवा, असेही लिहिले. हा लेख १९५६ मध्ये ग्रंथात प्रसिद्ध झाला. नाव मात्र तेच राहिले.

उदाहरणार्थ, क(ख|ग)* या नमुन्यात ‘क’, ‘कख’, ‘कगग’ बसतात. ‘खक’ बसत नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. व्याख्येची सुरुवातच ‘एक सांत वर्णमाला घ्या’ अशी होते. ती कोणती असावी, याबद्दल गणित काहीच सांगत नाही. निवड लिहिणाऱ्याची असते.

२. गणितातून संगणकात

१९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनवरून मजकुरात शोध घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्याच्या सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेल्यामुळे मजकुरातील प्रत्येक अक्षर एकदाच वाचावे लागे. पुढे युनिक्सच्या ‘एड’ या संपादकात हे नमुने आले आणि १९७३ मध्ये ‘ग्रेप’ ही स्वतंत्र आज्ञा झाली. तिचे नाव ‘एड’मधील एका आज्ञेवरून पडले, तिचा अर्थ ‘सर्वत्र शोधून जुळणाऱ्या ओळी छापा’ असा होता.

त्या काळी मजकूर म्हणजे अमेरिकेचा १९६३ चा आस्की संच: १२८ संकेत आणि इंग्रजी २६ अक्षरे. लिहिणाऱ्याने निवडायची वर्णमाला येथे यंत्रानेच ठरवून टाकली.

३. फॉर्मचा पहारेकरी

लॅरी वॉल यांच्या १९८७ च्या पर्ल भाषेने रेग्युलर एक्स्प्रेशन लोकप्रिय केले. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली, १९९९ च्या मानकात रेग्युलर एक्स्प्रेशनचा समावेश झाला आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये नमुना थेट फॉर्मच्या रकान्यावरच लिहिण्याची सोय झाली. ब्राउझरमधील ही तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीपुरती असते. ती सहज टाळता येते, म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासणी हवीच.

पर्लच्या परंपरेत थॉम्पसन यांची पद्धत मागे पडली. तेथे एक शक्यता शेवटपर्यंत तपासतात आणि ती फसली की मागे येऊन दुसरी घेतात. यामुळे नमुन्यांना जास्त क्षमता मिळाली, पण काही इनपुटवर वेळ बेसुमार वाढू लागला. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. ओळीच्या टोकांवरील रिकाम्या जागा काढणाऱ्या एका साध्या नमुन्यापुढे सुमारे २०,००० सलग रिकाम्या जागा आल्या होत्या. प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात केल्यामुळे तुलना जवळजवळ २० कोटी झाल्या. म्हणून इनपुटची लांबी आधी तपासावी, नमुना नंतर लावावा.

४. वर्णमाला कोणाची?

आता नावाचा रकाना घ्या. ‘इंग्रजी अक्षरे आणि रिकामी जागा’ असा नमुना आजही सर्रास दिसतो. तो देवनागरी, तमिळ, बंगाली नावे तर नाकारतोच. पण आद्याक्षरापुढील टिंब किंवा गोव्यातील डिसूझा आडनावाच्या इंग्रजी रूपातील वरचा स्वल्पविरामही नाकारतो. चूक नावाची नसते; लिहिणाऱ्याने निवडलेली वर्णमाला अपुरी असते.

२०१८ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘कोणत्याही लिपीतील अक्षर’ असे सांगण्याची सोय झाली. पण तेवढ्याने भागत नाही. ‘स्मिता’ हे नाव युनिकोडमध्ये सहा संकेतांचे आहे: स, हलन्त, म, इकार, त, आकार. यांतील तीनच ‘अक्षर’ गटात येतात. हलन्त आणि मात्रा ‘चिन्ह’ या वेगळ्या गटात आहेत. म्हणून नमुन्यात दोन्ही गट हवेत. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात, ते या दोन्ही गटांत नाही.

अंकांचेही तसेच. पायथॉन ३ मध्ये मजकुरावर चालणारे अंकाचे आखूड चिन्ह देवनागरी अंकही स्वीकारते. जावास्क्रिप्टमधील तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक स्वीकारते. त्यामुळे ‘४११००५’ ब्राउझर नाकारतो आणि सर्व्हर स्वीकारतो, असे घडू शकते. अंक आधी एका रूपात आणावेत, मग तपासावेत.

५. निष्कर्ष

पिनकोडला नमुना शोभतो, कारण त्याची रचना १९७२ मध्ये ठरवून दिलेली आहे: सहा अंक, पहिला शून्य नाही. तरीही नमुना फक्त रूप तपासतो. तो पिनकोड खरोखर अस्तित्वात आहे का, हे सांगत नाही. नावाची रचना मात्र कोणीच ठरवून दिलेली नाही. तेथे रकाना रिकामा नाही आणि फार लांब नाही, एवढे पाहणे बहुधा पुरेसे असते. शिष्यवृत्तीच्या अर्जात आपले नाव ‘अवैध’ ठरलेल्या विद्यार्थ्याला तो संदेश कोणी लिहिला हे दिसत नाही. उद्या तो लिहिणारे तुम्ही असाल.

स्वाध्याय

१. क(ख|ग)* मध्ये बसणारे तीन अक्षरांचे सर्व क्रम लिहा.
२. आपले नाव आपल्या लिपीत लिहून त्यातील अक्षरे आणि चिन्हे वेगळी मोजा.
३. फॉर्ममधील कोणत्या रकान्यांना नमुना लावावा आणि कोणत्यांना लावू नये? कारणे द्या.